मागे राहिलेले जव

घट बसले की चौथ्या-पाचव्या दिवशी घरात एक वास सुटतो. मातीचा म्हणावा तर नुसत्या मातीचा नाही, गवताचा म्हणावा तर त्याचं अजून गवत व्हायचं असतं. गोडसर, उबट, किंचित आंबूस. नांदेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये देवघर म्हणजे स्वयंपाकघरातली एक फळी, त्यामुळे जिऱ्याच्या फोडणीतूनही तो माझ्यापर्यंत येतोच. सून म्हणते, किती प्रसन्न वाटतं नाही, शेतात गेल्यासारखं. मी हो म्हणते. मी मात्र त्या वासासरशी शेतात जात नाही, लातूरच्या आमच्या दोन खोल्यांत जाते, आणि तिथं एक पाळणा टांगलेला असतो.

पत्रावळीवर काळी माती, मधोमध मातीचा घट, भोवती पेरलेलं धान. गहू, ज्वारी, करडई, हरभरा आणि जव. रोज थोडं पाणी, रोज एक माळ. नवव्या माळेपर्यंत धान वीतभर वर येतं आणि त्याच्या उंचीवरून घरचे लोक वर्षाचा अंदाज बांधतात. जे धान चांगलं आलं ते यंदा पिकणार. दसऱ्याला तेच उपटून पुरुष टोपीत खोवतात, बाया केसांत माळतात. मी आयुष्यभर सरकारी प्रयोगशाळेत बियाणं उगवतं की नाही ते तपासायची नोकरी केली, आणि मला पुष्कळदा वाटायचं की आमची प्रयोगशाळा म्हणजे बिनदेवाचा घटच आहे. तिथंही आम्ही ओल्या कागदावर दाणे मांडायचो आणि वाट बघायचो. फरक एवढाच, की तिथं उगवण बघून कुणी हात जोडत नसे.

घटाचा आणखी एक नियम आहे, तो कुणी सांगत नाही पण सगळे पाळतात. घट बसलेला असताना त्याला हलवायचं नाही, धान उपटायचं नाही, मधेच थांबवायचं नाही. जे यायचं ते पूर्ण वर येऊ द्यायचं. मागं राहिलेला दाणा असला तर त्याच्यासाठी थांबायचं. आईनं हा नियम जन्मभर पाळला. मला त्या नियमाचा राग येतो, आणि तरी दरवर्षी मीही घट बसवतेच.

लातूर जिल्हा झाला ते वर्ष. झेंड्याच्या दिवशी जिल्हा झाला आणि आमच्या घरात पहिल्यांदा रंगाच्या डब्यांची रांग लागली, कारण माझे वडील, अण्णा, पाट्या रंगवायचे. एरवी त्यांचं काम म्हणजे डाळ मिलच्या भिंतीवर आणि किराणा दुकानांवर. त्या वर्षी कचेऱ्याच कचेऱ्या. जुन्या पाट्यांवरचं ‘तालुका’ खरवडायचं आणि तिथं ‘जिल्हा’ लिहायचं. तालुका तीन अक्षरांचा आणि जिल्हा दोन अक्षरांचा, त्यामुळे मधे उरलेल्या जागेचं काय करायचं हा अण्णांचा रोजचा घोर. ते ‘जि’ची वेलांटी लांब ओढायचे. लोक आनंदात होते. आता मोठे साहेब येतील, आता रेल्वे येईल, आता पाणी येईल असं बोलायचे. साहेब आले. पाण्याचं मात्र नाव नाही.

पाऊस पोळ्याला दोन दिवस पडून गेला तो गेलाच. दिवाळीच्या आधीच आमच्या गल्लीत टँकर येऊ लागला आणि घागरींची रांग गल्लीच्या तोंडापासून मारुतीच्या पारापर्यंत जाऊ लागली. मी तेव्हा बारावीत होते, शास्त्र शाखेला. रांगेत घागर ठेवायची, तिच्यामागं दगड ठेवायचा आणि बाजूला बसून पुस्तक वाचायचं, असा माझा अभ्यास झाला. अजूनही वनस्पतिशास्त्राच्या काही आकृत्या आठवल्या की सोबत पत्र्याच्या घागरीचा आवाज येतो.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, लोहा तालुक्यातल्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिला मुलगा झाला. त्या साली बाहेर सगळं करपलेलं आणि आमच्या घटातलं धान मात्र हिरवंगार, हातभर. त्यात नवल नव्हतं, आई आपल्या वाटणीच्या पाण्यातलं पाणी घटाला घालायची. पण तिनं ते तसं वाचलं नाही. तिनं घटाकडं बघितलं, पाळण्याकडं बघितलं आणि म्हणाली, देवीनं सांगितलं, हे पोरगं वर येणार. दसऱ्याच्या तोंडावर आला म्हणून त्याचं नाव विजय ठेवलं. विजू. आईनं घटातल्या जवाचे चार कोंब त्याच्या उशाला ठेवले, आणि जवात तेव्हापासून तिचा जीव अडकला.

विजूचं कपाळ मोठं होतं आणि हसताना त्याचा आवाज येत नसे. नुसतं तोंड उघडायचं, अंग हलायचं, आवाज नाही. आम्ही सगळे त्याच्यासमोर वेड्यासारखे टाळ्या वाजवायचो की आता येईल आवाज. तो काही आला नाही.

संक्रांतीनंतर आक्का तापानं पडली आणि तिचं दूध आटलं. वरचं दूध लावलं, पण दुष्काळातलं दूध म्हणजे भांड्याला पांढरा रंग लागायचा एवढंच. शिमग्याच्या सुमारास विजूला जुलाब सुरू झाले. भरीव असलेलं मूल हातात हलकं लागायला लागलं. ह्या हलकेपणाबद्दल मी फार बोलू शकत नाही. ज्यांनी कधी असं मूल उचललं असेल त्यांना कळेल. हात जास्त जोर लावून वर जातो आणि मग आपलीच आपल्याला भीती वाटते.

दवाखान्यातल्या सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं की पेज घट्ट केली तर हा गिळत नाही, पातळ केली तर पोटात काही जात नाही, तेव्हा धान्याला मोड आणा, मोड आले की वाळवा, भाजा, दळा आणि त्याची पेज द्या. मोडाचं पीठ जास्त घातलं तरी पेज पातळच राहते आणि पचते. अगदी खरं होतं ते. पुढं मी हेच शिकले आणि हेच लोकांना सांगत फिरले. मोड आले की, एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या घरात मोड म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागेल असं त्यांना का वाटावं?

घरात रेशनचे गहू होते. ते भिजवले तर उगवेचनात, तीन दिवसांत आंबले. कुठल्या गोदामात किती वर्षं पडून त्यांचा जीव गेला होता कोण जाणे. ज्वारी होती, पण ज्वारीच्या मोडाचं नाव काढताच आक्का अंथरुणातून उठून बसली. तिच्या सासरी त्याच पावसाळ्यात पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन गाय तडफडून मेली होती, आणि ते तिनं पोटुशी असताना डोळ्यांनी बघितलं होतं. ती म्हणाली,

“माझ्या लेकराला ज्वारीचा कोंब न्हाई द्यायचा. काहीबी करा, पन ते नको.”

तिचंही खोटं नव्हतं. कोवळ्या ज्वारीत विष असतं आणि दुष्काळात ते वाढतं. राहिले जव. दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, विहिरीच्या कडेला देवापुरते म्हणून वाफाभर जव पेरले होते. शिमग्याला ते निघाले. दाजी ते जुन्या धोतराच्या पानात बांधून एसटीनं घेऊन आले. उन्हानं त्यांचं तोंड काळवंडलं होतं. गाठोडं त्यांनी आईच्या हातात दिलं आणि पाळण्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले.

ते दाणे मला आजही दिसतात. बारीक, लांबट, दोन्ही टोकांना चिमटलेले. पाण्याच्या ताणानं घाईघाईत पिकलेला जव तसाच असतो. आज कुणी तो माझ्यासमोर टाकला तर मी एक दाणा आडवा चिरून बघेन. आत पांढरं भुसभुशीत पीठ दिसायला हवं, त्याऐवजी काचेसारखं कडक, करडं काहीतरी दिसेल. अशा दाण्यात पीठ कमी आणि कस जास्त. ऐकायला बरं वाटतं, पण मोडाला तो वाईट, पाणी आत शिरत नाही, शिरलं तर सगळ्यांत सारखं शिरत नाही. शिवाय जव नुकताच खळ्यावरून आलेला. नव्या जवाला झोप असते, पेरला तरी काही दाणे महिना महिना जागे होत नाहीत. हे सगळं मला आज कळतं. तेव्हा मी एवढंच बघितलं की आई गाठोड्याला हळदकुंकू लावत होती.

टँकरच्या पाण्यात तिनं ते भिजवले. पाणी दोनदा बदललं, आणि त्यासाठी ती स्वतः अंघोळीवाचून राहिली. मग दुरडीत फडकं घालून, वर फडकं झाकून दुरडी देवघरात ठेवली. पहिली माळ घातली नाही एवढंच, बाकी सगळा घट होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही दाण्यांच्या एका टोकाला बारीक पांढरी मुळं फुटली. काही दाणे तसेच. मी म्हटलं, आले की मोड. आई म्हणाली, ही मुळं झाली, मोड कुठं आहे? घटात जसा हिरवा कोंब वर येतो तसा आल्याशिवाय ती त्याला मोड म्हणायला तयार नव्हती.

जवाचं हेच फसवं आहे. त्याची साल दाण्याला चिकटलेली असते, मळणीत निघत नाही. कोंब त्या सालीच्या आत, दाण्याच्या पाठीपाठीनं, कुणाला न दिसता वाढत जातो. मोडाचं पीठ करायचं तर तो सालीच्या आत असतानाच, दाण्याच्या पाऊण लांबीला पोचला की थांबवायचा, वाळवायचा. तोवर आतलं पीठ सुटं, गोड, पचेल असं झालेलं असतं आणि कोंबानं अजून ते खाल्लेलं नसतं. कोंब दुसऱ्या टोकानं बाहेर डोकावला, म्हणजे आपल्याला दिसला, म्हणजे उशीर झाला. पुढं जेवढा तो वाढेल तेवढा दाणा रिकामा होतो. दाणा त्याचीच शिदोरी असतो, आपली नव्हे.

आई थांबली. पुढं गेलेल्यांचे कोंब बोटभर झाले तरी मागचे उठले नव्हते. सकाळ-संध्याकाळ ती फडकं उचलायची, चुळभर पाणी शिंपडायची आणि न उगवलेल्या दाण्यांशी बोलायची. उठा, बाबांनो, म्हणायची. शेवटी मागचेही बरेचसे उठले. दुरडीतून पिवळे-हिरवे कोंब वर आले तेव्हा तिनं आम्हां सगळ्यांना बोलावून दाखवलं. अण्णा हाताला निळा रंग तसाच ठेवून आले. मला ते कोंब फार सुंदर वाटले. आठवण आली की लाज वाटत नाही, पण आश्चर्य वाटतं, की इतकं सुंदर काहीतरी इतकं रिकामं असू शकतं.

मग गच्चीवर वाळवण, चोळून कोंब-मुळं काढणं, मंद भाजणं, जातं. पीठ थोडं निघालं आणि कोंडाच फार. आई म्हणाली, यंदाचा जवच तसा. अण्णांनी एका डब्यावर निळ्या रंगात ‘विजू’ लिहून दिलं. ‘वि’ची वेलांटी त्यांनी इथंही लांब ओढली, डब्यावर जागा नसताना.

आणि पेज विजूला आवडली. हे सांगायलाच हवं. एरवी चमचा बघून तोंड फिरवणारं पोर वाटी बघून पाय हलवायला लागलं. पेज गोडसर होती, पातळ होती, घशाखाली आपसूक उतरायची. आक्का मांडीवर घेऊन पाजायची आणि तो ते बिनआवाजाचं हसू हसायचा. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. आई शेजारणींना सांगायची, पोरगं वाटी चाटून पितं. त्याला वजनकाट्यावर घालायची कुणाला गरज वाटली नाही. पिणारं मूल वाळेल कसं? पाडव्याला त्याच्या गळ्यात साखरेच्या गाठीची माळ घातली. ती छातीवर यायला हवी होती, ती पोटापर्यंत लोंबत होती. ते मी पाहिलं आणि मला वाटलं की यंदा गाठीच मोठी आणली असेल.

पाडव्यानंतर फार दिवस गेले नाहीत. उन्हाळा, पुन्हा जुलाब, दुपारची वेळ. आक्काच्या मांडीवरच. त्या दुपारी टँकर आला होता आणि आमची घागर रांगेत तशीच राहिली. कुणीतरी ती भरून आमच्या दारात आणून ठेवली. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

भेटायला येणाऱ्या बायकांना आई एकच गोष्ट सांगत राहिली. जव किती छान वर आले होते, फारसे मागंही राहिले नव्हते, तरी असं झालं. तिला खरंच कोडं पडलं होतं. देवीनं दोनदा हिरवं दाखवून असं का करावं, ह्याचं उत्तर ती मरेपर्यंत शोधत होती. पुढच्या वर्षीपासून तिनं घटात जव पेरणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायची, मिळत नाही आता चांगला.

मी परभणीला शेतकी शिकायला गेले. पहिल्याच सत्रात एका तासाला सरांनी मोडाच्या पिठाचा धडा घेतला आणि वर्गात जास्त वाढलेला जव फिरवला. म्हणाले, नखात धरून दाबा. मी दाबला. दोन नखं एकमेकांना टेकली, मधे नुसती साल. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते, मुली वहीत उतरवून घेत होत्या, आणि मी तो दाणा मुठीत धरून बाहेर आले. शेजारच्या बागेतल्या नळावर पाणी पीत राहिले. पुष्कळ पाणी होतं त्या नळाला.

एका वाटीनं मूल जातं असं नाही, हे मला ठाऊक आहे. तापामुळं, पाण्यामुळं, त्या उन्हाळ्यामुळं असंच गेलेलं पोर आमच्या गल्लीत आणखी एक होतं आणि त्याच्या घरी कुणी जव भिजवले नव्हते. नीट थांबवलेले मोड असते तरी तो वाचला असता का, ह्याचं उत्तर कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही. मी मनाला हे इतक्या वेळा सांगितलंय, की आता ते ऐकूही येत नाही. आईला मी काही बोलले नाही. काय बोलणार होते? तू मागे राहिलेल्यांसाठी थांबलीस म्हणून? तेवढं एकच तर तिला येत होतं आणि आम्ही सगळे त्यावरच वाढलो होतो.

आई गेल्यावर घट माझ्याकडं आला. मी जव पुन्हा पेरायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही. चौथ्या दिवशी हात आपोआप पत्रावळीकडं जातो, कडेचा एक जव उपटते, साल सोलून कोंब कुठवर आलाय बघते, आणि मग नखात धरून दाबते. नियम मोडते, दरवर्षी मोडते. देवीला माझी सवय झाली असावी.

आक्का दर नवरात्रात लोह्याहून माझ्याकडं येते. तिला पुढं दोन मुलं झाली, नातवंडं झाली. दाजी आता नाहीत. ती आली की घटापुढं पाट घेऊन बसते, वाती वळते आणि मी स्वयंपाक करता करता तिच्या अंगावर बारीकसारीक ओरडत असते, कारण ती वाती फार जाड वळते. चाळीस वर्षांत आम्ही दोघी सगळं बोललो. नवऱ्यांबद्दल बोललो, जावांबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल तर रोजच. विजूबद्दल नाही.

काल तिसरी माळ होती. ती वाती वळत होती आणि माझा हात नेहमीसारखा जवाकडं गेला. एक दिवस आधीच गेला, कारण आता मला धीर निघत नाही. दाणा नखात धरला तसा तिचा आवाज आला.

“ठिव ते.”

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं वातीवरची नजर काढली नव्हती. मी म्हटलं, सहज बघत होते गं, नोकरीची सवय. ती म्हणाली,

“सवय न्हाई. तू परभणीहून आली ना पहिल्या सुट्टीत, तवाच मला कळलं तुला काहीतरी कळलंय म्हणून. आईच्या हातचं जेवता जेवता रडून राहिली होतीस.”

कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बारीक केला. आक्कानं वाती ताटलीत ठेवल्या आणि हाताची कापसाची धूळ पदराला पुसली.

“पेजीत वाटीचा तळ दिसायचा, बाई. रोज दिसायचा. मी आंधळी नव्हते. पन तो हसायचा. दुसऱ्या कशालाबी हसत नव्हता, त्या वाटीला हसायचा. माझ्याकडं त्याचं तेवढंच हाय. तुझ्या शिकण्यानं तेवढं काढून घेऊ नको.”

मग ती उठली, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि घटाभोवती शिंपडलं. जिथं काहीच उगवलं नव्हतं तिथं जरा जास्त शिंपडलं, अगदी आईसारखं. मी नखातला दाणा पुन्हा मातीत खोचला आणि बोटानं वर थोडी माती ओढली. तो आता येणार नाही हे मला कळत होतं. आक्का म्हणाली, येईल गं, अजून सहा माळा आहेत. मी हो म्हटलं आणि तिच्या शेजारी पाटावर बसून वाती वळायला घेतल्या.